गाजरगवतावरचं तीर्थ

आपल्या परसातलं गवत बघायला कधी गर्दी लोटेल, असं सौदामिनीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण त्या रविवारी भोकरमधल्या तिच्या घराच्या कंपाउंडवरून पन्नास मुंडकी आत डोकावत होती. नजारा होताच तसा. गावोगाव चमत्कार दाखवत फिरणाऱ्या हरिओम महाराजांनी शुक्रवारी भर उन्हात अर्ध्या गाजरगवतावर तीर्थ शिंपडलं होतं, आणि बरोबर तेवढंच अर्धं करपून पडलं होतं. बाकीचं पांढऱ्या फुलांनी मजेत डोलत होतं.

"बगा! हे गवत न्हाई, करणी हाय!" महाराज गरजले. "उपटलं की दुप्पट उगवतं. का? घरातलंच कुणीतरी मंत्र घालून राहिलंय!"

सगळ्या नजरा सौदामिनीकडे वळल्या. तिची धाकटी जाऊ पुनम ओट्यावर बसून धापा टाकत होती. हातांवर लाल चट्टे. दोन वर्षं हेच चाललं होतं.

"घरात सुना दोन, गवत एक," महाराजांनी बोट नाचवलं. "मग खाज एकीलाच कशी?"

गर्दीने "हाव, हाव" म्हणत माना डोलावल्या. अशा प्रश्नापुढे विचार करायची गरजच काय! पुनमच्या नवऱ्याने, सत्यमने, अंगणात भिंत घालायला विटासुद्धा सांगून ठेवल्या होत्या. सौदामिनीला भिंतीचं दुःख नव्हतं. जिला तिने हाताला धरून स्कूटी शिकवली, ती पुनम आज तिच्या हातचा चहा घेत नव्हती.

"तीर्थ हातात घे अन् शपथ घे," महाराजांनी कलश पुढे केला. "पण खबरदार! तोंडाला लावायचं न्हाई. पोटात गेलं की वंश बुडतो."

सौदामिनीने उजवा तळवा पुढे केला. तीर्थ पडलं, आणि जन्माच्या सवयीने हात आधी ओठांकडेच गेला. गर्दीतून किंकाळी उठली.

सौदामिनी थुंकली आणि सासूकडे वळली. "आत्याबाई, हे तर खारट आहे! लोणच्याच्या खारापेक्षा खारट!"

"पापी जिभेला तीर्थ खारटच लागतं!" महाराज लगेच म्हणाले.

"मग पुण्यवान जिभेने चाखून सांगा. घ्या, महाराज."

"आमचा... आज उपास हाय."

"तीर्थाने उपास मोडतो होय?"

कंपाउंडवर कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात सासू कोंडाबाई काठी टेकत पुढे आल्या.

"आई, वंश!" सत्यम ओरडला.

"बुडला तर माझाच बुडंल. तुला काय करायचंय?" त्यांनी कलशात बोट बुडवून चाटलं. "मीठ हाय, मुडद्या! निस्तं मीठ!"

सौदामिनीने स्वयंपाकघरातून मिठाचा डबा आणला. बादलीभर पाण्यात मीठ विरेनासं होईपर्यंत कालवलं आणि उरलेल्या गवतावर सगळ्यांदेखत शिंपडलं. ना मंत्र, ना उदबत्ती. "आता मंगळवारी या बघायला," ती म्हणाली. गर्दी बादलीकडे बघत असताना महाराज कलश तिथेच टाकून मोटरसायकलवरून पसार झाले होते.

मंगळवारी तेही गवत वाळलं. माणसं आली, पण या वेळी माना कुणी डोलावल्या नाहीत.

"पण मलाच का खाजतं, अक्का?" पुनमने हळूच विचारलं.

"गवत कोण उपटतं?"

"मीच."

"हातात काही घालून?"

"उघड्याच हातानं."

"फुलावर आलेलं उपटून कुठं टाकतेस?"

"खताच्या खड्ड्यात. मग तेच खत वाफ्यात..." पुनम मध्येच थांबली. एका झाडाला हजारो बिया धरतात. परसातलं गाजरगवत ती स्वतःच पेरत होती. करणी खरीच होती, पण खतातून झालेली.

नांदेडच्या त्वचारोग डॉक्टरांनीही तेच सांगितलं: या गवताच्या स्पर्शाने आणि परागकणांनी काहींना चट्टे उठतात, दम लागतो. अंगणात सारखं मीठही ओतू नका, माती नासते. हातमोजे घाला, तोंड बांधा, फुलं येण्याआधी मुळासकट उपटा. औषधही दिलं.

परतताना बसमध्ये पुनम खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अक्का, मीसुद्धा तुमच्यावर संशय घेतला."

"माहीत आहे," सौदामिनी म्हणाली. "पुढच्या वेळी कुणी माझं नाव घेतलं तर आधी मला विचार. मग डॉक्टरला. आणि चमत्कार दाखवणाऱ्याला तर पहिल्यांदा विचार की त्याच्या भांड्यात काय आहे."