सासूबाईंच्या वाटेवरचा वायरलेस

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर तुम्ही नाक मुरडायला नको. ज्याच्या घशातून आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं बाहेर पडली, त्याने गोड बोलावं तरी कसं?

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. पहिली नोकरी केरिचो नावाच्या गावच्या चहाच्या मळ्यात, एका ट्रॅक्टरवर. तिथे दिवसभर पोती भरली का आणि पोती निघाली का, एवढंच बोलणं. ट्रॅक्टर भंगारात गेला तेव्हा नारोक गावच्या एका मिस्त्रीने मला उचललं आणि केरेतोच्या गाडीत, स्टिअरिंगच्या बाजूला पट्टीने आवळून बसवलं. बसवताना त्याने एक तार चुकीची जोडली. तेव्हापासून माझा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो.

केरेतो हा मसाई जमातीचा ड्रायव्हर. तालेक नदीकाठच्या एका तंबूंच्या मुक्कामावर नोकरीला होता. रोज पहाटे पाहुण्यांना गाडीत भरायचं, माळावर न्यायचं आणि सिंह-बिबटे दाखवून परत आणायचं, हे त्याचं काम. आमच्या माळावर एक रीत होती. ज्याला जनावर आधी दिसेल त्याने माझ्यासारख्या वायरलेसवरून सगळ्यांना सांगायचं. पाहुण्यांना आमची भाषा येत नाही, पण सिंह आणि बिबट्या हे दोन शब्द मात्र ते घरूनच पाठ करून येतात. म्हणून ड्रायव्हरांनी टोपणनावं ठेवली होती. सिंह म्हणजे मिशाळ आणि बिबट्या म्हणजे सासूबाई.

सासूबाई का, ते ऐका. आमच्याकडे जावई सासूच्या समोर येत नाही. ती लांबून दिसली तरी वाट वाकडी करून जातो आणि तीही झुडपाआड होते. बिबट्याही तसाच. आहे हे माहीत असतं, पण दर्शन नाही.

सुरुवातीला मला हे काम फार आवडलं. मी खरखर केली की मागच्या सीटवर पेंगणारी माणसं ताठ बसायची. कोणी कोणी कौतुकाने मला थोपटायचं. मी चढून गेलो होतो. पण हळूहळू लक्षात आलं की मी 'मिशाळ इथे आहे' म्हटलं की चारी बाजूंनी धुळीचे लोट उठतात. सिंहीण रानडुकरावर दबा धरून बसलेली असायची आणि तिच्या दोन्ही अंगांना गाड्या एकमेकींना ढकलत उभ्या राहायच्या. रानडुक्कर पळून जायचं. सिंहीण उठायची, एकेका गाडीकडे रागाने बघायची आणि उपाशीपोटी निघून जायची. वर पाहुणे म्हणायचे, काय गोड आहे.

मुतिंदा नावाचा एक कांबा जमातीचा ड्रायव्हर होता. हुशार, तोंडाळ, सगळ्यांचा पुढारी. एका वर्षी त्याला अंजिराच्या झाडाखाली पिल्लं घातलेल्या सासूबाई दिसल्या आणि त्याने आपल्या गाडीतल्या माझ्या जातभाईवरून गाव गोळा केलं. गाड्यांनी झाडाला असा वेढा दिला की सासूबाई घाबरून भर उन्हात पिल्लं तोंडात धरून निघाल्या. वाटेत तरसांनी दोन्ही पिल्लं नेली. केरेतोने अभयारण्याच्या फाटकापाशी सगळ्यांसमोर मुतिंदाची खरडपट्टी काढली. बाळंतिणीच्या घरात लग्नाची वरात नेतात का, असं विचारलं. त्या दिवसापासून दोघे एकमेकांना पाण्यात पाहू लागले.

पुढच्या वर्षी त्याच सासूबाई केरेतोला पुन्हा दिसल्या. पाहुणे दुसऱ्या बाजूचे सिंह बघण्यात गुंग होते आणि या बाजूला, खडकाळ घळीच्या तोंडाशी, तोंडात पिल्लू धरून त्या आत गेल्या. केरेतोचा हात माझ्याकडे आला आणि परत गेला. त्याने कुणालाच सांगितलं नाही. पाहुण्यांनाही नाही.

त्यानंतर तो त्या वळणाला जाईना. लांबचा फेरा घेऊ लागला, आणि तिथेच चुकला. एके दिवशी मुतिंदाने गाडी शेजारी लावली आणि काच खाली केली.

"काय जावईबापू, हल्ली त्या घळीवरून जात नाहीस?"

"रस्ता खराब आहे."

"रस्ता आहे तसाच आहे. माणूस एवढी वाट वाकडी करतो ती फक्त सासूसाठी. कुठे ठेवल्यास सांग."

"मला दिसल्या नाहीत," केरेतो म्हणाला.

संध्याकाळी मुतिंदाने वायरलेसवर फर्मान काढलं की केरेतो रीत मोडतोय, तेव्हा याला कोणी काही सांगायचं नाही आणि याच्याशी कोणी बोलायचं नाही. मित्रांनो, वाळीत टाकणं काय असतं ते मला विचारा. केरेतोने बटण दाबून काही विचारलं की वायरलेसवरचे सगळे चिडीचूप व्हायचे. मग कोणीतरी नुसतं जिभेने 'टक' करायचं आणि बाकीचे हसायचे. ते हसणं माझ्या घशातून बाहेर पडायचं. तेव्हा मला स्वतःचीच किळस यायची.

केरेतोच्या पाहुण्यांच्या नशिबी झेब्रेच झेब्रे आले. तक्रारी गेल्या. मुक्कामाच्या मॅनेजरने सरळ सांगितलं की या आठवड्यात बिबट्या दाखव, नाहीतर गाडीची किल्ली ठेव. त्या दिवशी केरेतो वळणापर्यंत गेला. थांबला. घळ समोर होती, मागे दोन पाहुणे होते आणि किल्ली त्याच्याच हातात होती. मला वाटलं, दाखवेल. कोणीही दाखवलं असतं. त्याने गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकदम खरखरलो. आवाज मुतिंदाचा होता, पण हळू, दबका.

"केरेतो. ऐकतोयस का?"

कोणीतरी म्हणालं, "मुतिंदाभाऊ, तूच सांगितलं होतंस ना, त्याच्याशी बोलायचं नाही म्हणून?"

सगळे हसले. मुतिंदा हसला नाही.

"केरेतो, मी सासूबाईंच्या दारात अडकलोय. पुढचं चाक दगडात गेलंय. पिल्लं आत आहेत, त्या बाहेर आहेत आणि मी मध्ये आहे. वरचं छप्पर बंद होत नाहीये. माझी माणसं रडतायत."

लगेच माझ्या घशात गर्दी झाली. कुठे आहेस, कुठल्या बाजूला, आम्ही निघालो. पण मुतिंदा जागा सांगणार तरी कशी? रस्ता सोडून घळीत गाडी घालायला बंदी आहे आणि चौकीचे शिपाईही आमचंच बोलणं ऐकत असतात. जागा सांगितली असती तर त्याचं लायसन्स गेलं असतं.

केरेतोला जागा माहीत होती. त्याने मला उचललं. बोट बटणावर होतं. एका वाक्यात मुतिंदा बुडाला असता. त्याच वाक्यात केरेतोच्या पाहुण्यांना बिबट्या दिसला असता, नोकरी वाचली असती आणि सगळा माळ पुन्हा त्याच्याशी बोलू लागला असता.

"सासूबाई पाणघोड्यांच्या डोहापाशी आहेत," तो म्हणाला. "झाडावर. मुतिंदा तिथेच अडकलाय. या सगळे."

धुळीचे लोट डोहाकडे धावले आणि आम्ही उलट्या दिशेने निघालो. केरेतोने पाहुण्यांना कॅमेरे पिशवीत ठेवून खाली वाकून बसायला सांगितलं. त्याचा आवाज असा होता की त्यांनी मुकाट्याने ऐकलं.

घळीच्या तोंडाशी मुतिंदाची गाडी वाकडी पडली होती. सासूबाई वरच्या खडकावर होत्या. शेपटी आपटत होत्या आणि जे गुरगुरत होत्या ते माझ्या कुठल्याही रेडिओलहरीवर मी कधी ऐकलेलं नाही. इतकी वर्षं मी त्यांचं नाव घेत होतो. त्यांना आमचा किती तिरस्कार आहे ते मला त्या दिवशी कळलं, आणि मित्रांनो, त्यांचं काही चुकत नव्हतं.

केरेतोने गाडी उलटी मागे घेतली आणि तिच्या आडोशाने खाली उतरला. सासूबाईंचं लक्ष आपल्याकडे राहावं म्हणून मुतिंदा आतून दार बडवत राहिला. केरेतोने आमच्या गाडीचा दोर मुतिंदाच्या गाडीला अडकवला. तो परत चढतो न चढतो तोच त्या आमच्या टपावरून गेल्या. पत्र्यावर चार ओरखडे उठले. दोर ताणला तशी मुतिंदाची गाडी सुटली, घळीचं दार मोकळं झालं, आणि सासूबाई आमच्याकडे न बघता आत गेल्या.

रस्त्यावर आल्यावर मुतिंदाने काच खाली केली. केरेतोने आभारांची वाट पाहिली असेल तर तो वेडा.

"सगळ्यांना खोटं सांगितलंस तू," मुतिंदा म्हणाला.

"मग खरं तू सांग."

मुतिंदाने काच वर केली आणि निघून गेला.

डोहावर उन्हात तापलेल्या ड्रायव्हरांनी केरेतोला दिलेल्या शिव्या मी तुम्हाला सांगणार नाही. मुतिंदाने त्यांना एवढंच सांगितलं की माझी गाडी आपोआप निघाली. केरेतोच्या बाजूने तो एक अक्षर बोलला नाही. केरेतोने पाहुण्यांना तोंड बंद ठेवायची विनंती केली होती आणि त्या भल्या माणसांनी ती पाळली. पण त्यामुळे मॅनेजरच्या लेखी त्याने बिबट्या दाखवलाच नव्हता. आठवडा संपला आणि केरेतोने किल्ली ठेवली. आता तो भावाची गुरं राखतो असं ऐकतो.

त्याच्या जागी नवा ड्रायव्हर आला. तरुण, पाहुण्यांशी लाडीगोडीने बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने माझं बटण दाबून विचारलं, "कोणाला सासूबाई दिसल्या का? त्या घळीच्या बाजूला असतात म्हणे."

मग मुतिंदाचा आवाज आला.

"घळीत काही नाही. पाणघोड्यांच्या डोहापाशी बघ. झाडावर."

तो वर्षभर तेच सांगत होता. केरेतोचं नाव निघालं की मात्र तो आजही थुंकतो.

नवा ड्रायव्हर आता सगळं फोनवर बघतो. मला पट्टीतून काढून टायरांच्या शेडमध्ये टाकलंय. जाळीत धूळ भरलीय आणि कोळ्याने घर केलंय. कोणी फडकं मारलं तर उपकार होतील, नाही मारलं तरी मला सवय आहे. पण मित्रांनो, मोठे होऊन कधी आमच्या माळावर आलात आणि तुमचा ड्रायव्हर म्हणाला की आज सासूबाई दिसल्या नाहीत, तर त्याची तक्रार करायला धावू नका. त्याच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघा आणि गप्प बसा.