थांबण्याचा सल्ला

बर्फाच्या कारखान्याची फाइल मला वडिलांकडून मिळाली. कर सल्ल्याचं हे ऑफिस आधी त्यांचं होतं, आणि कारखान्याचे मालक असलेले दोघे भाऊ त्यांच्या काळापासून येत. आम्ही त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायचो. इमारत दोघांच्या नावावर, निम्मी निम्मी.

थोरल्यांनी सारं आयुष्य त्या कारखान्यात काढलं. पत्र्याच्या साच्यात पाणी भरायचं, साचे मिठाच्या गार पाण्यात सोडायचे, लाद्या काढायच्या, भुशात गुंडाळून पाठवायच्या. उन्हाळ्यात सुट्टी नाही आणि हिवाळ्यात पैसा नाही, म्हणून ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, कधी कुठे गेलेच नाहीत. धाकट्यांनी मात्र वेळीच दुसरा धंदा धरला. ते फ्रिज दुरुस्त करत, आणि त्यात त्यांचं चांगलं बस्तान बसलं होतं. थोरले म्हणायचे, "आमचा हा शत्रूकडे कामाला आहे." धाकटे हसायचे. त्यांना ते लागत नसे.

कारखाना बंद पडला त्याआधी दोन वर्षं थोरल्यांनी नवाकोरा कॉम्प्रेसर घेतला. धाकटे नको म्हणत होते. गिऱ्हाईक रोडावलंय, जुन्यावर भागव, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. थोरल्यांनी ऐकलं नाही. दोन वर्षांनी तोच कॉम्प्रेसर, टाकी आणि साचे भंगाराच्या भावात गेले. तोटा जबर होता. तेव्हा मीच दोघांना सांगितलं होतं की धंद्याची वस्तू तोट्यात विकली तर तो सगळा तोटा त्या वर्षीच्या कमाईतून वजा करता येतो. धाकट्यांची कमाई मोठी, त्यामुळे त्यांचा बराच कर वाचला. घरात कॉम्प्रेसरचा विषय मात्र त्यानंतर कोणी काढला नाही.

इमारतीला गिऱ्हाईक यायला पुढे जवळजवळ पाच वर्षं लागली. फर्निचरच्या एका व्यापाऱ्याला गोदाम हवं होतं. भाव चांगला होता. दोघे भाऊ एका दुपारी माझ्या ऑफिसात आले, थोरले इस्त्रीचा शर्ट घालून. मुलीच्या गावी, समुद्रापाशी, थोरल्यांनी काकूंसह राहायला दोन खोल्या भाड्यानं बघून ठेवल्या होत्या. काकूंनी अर्धी भांडी खोक्यांत भरलीसुद्धा होती.

"बोला, हिशेबनीसबाई," थोरले म्हणाले. मी शाळेत असल्यापासून ते मला याच नावानं हाक मारत. "सरकारला किती, आम्हाला किती?"

मी कागद पुढे केला. इमारत घेतली तेव्हाची किंमत, तीतून दर वर्षी वजा केलेला घसारा, आणि कागदावर उरलेली किंमत. ती जवळपास काहीच नव्हती, म्हणून नफा मोठा दिसत होता.

थोरल्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे कागदावर ती दर वर्षी झिजत होती, आणि मी दर दोन वर्षांनी तिला चुना लावत होतो."

"तसंच."

"आता कळलं, चुना कोणाला लागला ते."

धाकटे खो खो हसले. मीही हसले. मग मी पुढची गोष्ट सांगितली. इमारतीच्या नफ्यावर कराचा दर कमी असतो. पण मागच्या पाच वर्षांत धंद्याची मालमत्ता तोट्यात विकून पूर्ण वजावट घेतली असेल, तर त्या तोट्याएवढ्या नफ्याला ती सवलत मिळत नाही. त्यावर नेहमीच्या कमाईसारखा पूर्ण दर लागतो. तोट्याला पुरी सवलत आणि नफ्यालाही सवलत, असं दोन्हीकडून खाऊ देत नाहीत.

"कॉम्प्रेसर," थोरले हळूच म्हणाले.

"हो. पण तो विकून पाच वर्षं पुरी होतायत. नऊ आठवड्यांनी कराचं नवं वर्ष सुरू झालं की तो तोटा हिशेबातून बाहेर पडतो. त्यानंतर विकलंत तर सगळ्या नफ्यावर कमी दर." आणि दोघांचं मिळून किती वाचेल तो आकडा मी लिहून दाखवला. तो खरोखरच मोठा होता.

धाकट्यांनी आकडा पाहिला आणि भावाकडे बघितलं. "तू म्हणशील तसं, दादा."

"विचार करतो," थोरले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "काल जो आकडा दाखवलास, त्यात माझा वाटा किती?"

तो मी वेगळा लिहिला नव्हता. लिहायला हवा होता. "साधारण पाचवा हिस्सा. बाकी धाकट्यांचा. त्यांची कमाई जास्त, म्हणून दरही जास्त."

"माझा पाचवा हिस्सा म्हणजे किती?"

मी सांगितलं. त्या दोन खोल्यांचं चार महिन्यांचं भाडं निघालं असतं.

मी विचारलं, "तुम्हाला घाई आहे का, काका? तुमचा अर्धा आधी विकता येतो का, बघू का?" व्यापाऱ्याला मी विचारलंही. त्याला इमारत एकसंध हवी होती. नऊ आठवडे थांबायला तो तयार होता, अर्धी आज आणि अर्धी नंतर घ्यायला नव्हता.

"मग थांबू," मी हे कळवल्यावर थोरले म्हणाले. "कॉम्प्रेसर मी घेतला होता. तो नको म्हणत होता. आता त्यापायी त्याला आणखी भुर्दंड कशाला? आणि हे त्याला सांगू नकोस. तो ऐकणार नाही, उद्याच सही करून मोकळा होईल."

मी बरं म्हटलं. त्या दोन खोल्या दुसऱ्या कोणी घेतल्या. काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं की हिशेबनीसबाईंचा सल्ला आहे, थांबायचं.

रिकाम्या इमारतीत रोज कोणीतरी फेरी मारली पाहिजे, अशी विम्याची अट होती. धाकटे कामावर असत, म्हणून थोरले जात. सकाळी कुलूप काढायचं, खिडक्या बघायच्या, झाडून घ्यायचं. झाडायची काही गरज नव्हती. सहाव्या आठवड्यात एका सकाळी ते गेले ते जेवायला परतले नाहीत. काकूंनी धाकट्यांना फोन केला. धाकट्यांना ते आतल्या थंड खोलीत सापडले, भिंतीला टेकून बसलेले. झाडू हाताशी होता. डॉक्टर म्हणाले, झटका कुठेही आला असता, घरी आला असता तरी फार काही करता आलं नसतं. लोकांचं समाधान करायला म्हणतात तसं म्हणाले की खरंच, ते मला अजून माहीत नाही.

तीन आठवड्यांनी काकू एकट्याच ऑफिसात आल्या. नवं वर्ष लागलं होतं. व्यापारी कागद करायला तयार होता, आणि आता थोरल्यांच्या जागी सही काकूंची लागणार होती. मी पाणी दिलं. त्यांनी पेला हातातच धरून ठेवला.

"किती कर लागेल?" त्यांनी विचारलं.

हे मला सांगायचं होतं, आणि तीन दिवस मी त्याची वाक्यं जुळवत होते. "काकू, तुमच्या भागावर काही लागणार नाही."

"का?"

"इथल्या कायद्यात वारशानं आलेल्या मालमत्तेची किंमत माणूस गेला त्या दिवसाच्या भावानं धरतात. जुनी किंमत, घसारा, सगळं पुसलं जातं. आजचा भाव तोच आहे, म्हणून नफाच उरत नाही."

"म्हणजे ते गेले म्हणून वाचला."

"कायद्यानं बघितलं तर, हो."

"आणि नऊ आठवडे थांबून त्यांचा किती वाचणार होता?"

मी आकडा सांगितला.

"एवढ्यासाठी?" काकू म्हणाल्या. आणि मग, मी काही बोलायच्या आत, त्यांनीच मान हलवली. "नाही. कॉम्प्रेसर. भाऊजींसाठी थांबले ना?"

मी शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे सांगणंच होतं.

"पाच वर्षं तो कॉम्प्रेसर आमच्या ताटाशी येऊन बसायचा," त्या म्हणाल्या. "जेवताना मध्येच थांबायचे. मी विचारायचे, काय झालं, मीठ कमी आहे का? म्हणायचे, नाही, काही नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "भाऊजींना यातलं काही सांगू नका. त्यांना पुढे जगायचंय."

"काकू, सल्ला माझा होता. मी दोघांचे आकडे वेगळे दाखवायला हवे होते."

"दाखवले असते तरी थांबलेच असते," काकू म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. त्यांना नवरा माहीत होता.

धाकटे त्याच आठवड्यात आले. अंगात कामाचे कपडे, नखांत काळं. खुर्चीवर बसेनात. सहीचे कागद त्यांनी न वाचता पालथे घातले.

"मला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही आकडा दाखवलात. त्यात दादाचं किती होतं?"

माझ्या धंद्यात आकडा चुकीचा सांगणं हे एकच पाप आहे. वीस वर्षांत मी ते केलं नव्हतं.

"निम्मं निम्मं," मी म्हटलं. "इमारतच निम्मी निम्मी होती ना."

ते खुर्चीत बसले. "मग ठीक आहे. मला वाटत होतं, माझ्यासाठीच थांबला की काय. वहिनींना विचारायची हिंमत होईना." त्यांनी मनगटानं डोळे पुसले. "त्याला त्या खोल्यांची फार घाई होती हो. मी म्हटलं होतं, तू म्हणशील तसं. खरं तर मला थांबायला हवंच होतं. आकडा बघितल्यावर माझं तोंड कसं दिसत असेल, ते त्यानं बघितलंच असणार."

मी म्हटलं, "सल्ला माझा होता."

"तुम्ही तुमचं काम केलंत," ते म्हणाले, आणि कागद सरळ करून सह्या करायला लागले.

विक्री पार पडली. व्यापाऱ्यानं मधली भिंत पाडून मोठा दरवाजा बसवला. धाकट्यांनी कमी दरानं कर भरला, वेळेत, एकरकमी. आपल्या वाचलेल्या रकमेतून निम्मी त्यांनी काकूंना नेऊन दिली. काकूंनी ती घेतली नाही, यावरून दोघांची थोडी वादावादी झाली, आणि शेवटी त्यांनी घेतली.

काकूंचं विवरणपत्र भरायचं होतं तेव्हा त्या मुलीच्या गावाहून मुद्दाम आल्या. पोस्टानं सही चालली असती, पण त्यांना समोर बसून करायचं होतं. मी एकेक ओळ वाचून दाखवत होते. विक्रीची किंमत. वारशाच्या दिवसाची किंमत. नफा.

"इथं काय लिहायचं?" त्यांनी विचारलं. "रिकामं सोडायचं का?"

"नाही, काकू. शून्य लिहायचं."

"तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या, आणि मी लिहीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.