मध्येच दिलेलं वाक्य

वहिनींना हल्ली काही वाटतच नव्हतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नवरा जाऊन तीन महिने झाले, तरी डोळ्यांतून टिपूस नाही. लोकांनी त्याचाही अर्थ काढला. लोकांना काय, तोंडाला कुठे कुलूप असतं!

नवऱ्याने जाताना एकच गोष्ट मागितली होती. नाट्यमंडळाच्या नव्या पाटीवर संस्थापक म्हणून आपलं नाव लागावं, मास्तरांचं नाही. मास्तर म्हणजे शाळेतले चित्रकलेचे मास्तर, एके काळचे त्याचे जिवलग. मंडळ कुणी काढलं यावरून दोघांचं असं फाटलं, की रंगमंचावर बापलेक व्हायचे आणि विंगेत आले की एकमेकांकडे पाठ. हकीकत दोघांची एकच. शिंप्याच्या दुकानात बाकावर बसलेले असताना एक जण म्हणाला, "आपणच का करू नये?" तो एक जण कोण, एवढाच वाद. त्यात दोघांची हयात गेली, धन्य आहे!

वहिनी मंडळाच्या प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं आणि अडलेल्याला पुढचं वाक्य हळूच द्यायचं. सुरुवातीला एकदा त्यांनी भर प्रयोगात नवऱ्यालाच वाक्य दिलं. घरी येऊन तो कडाडला, "अगं, अडलो नव्हतो मी, थांबलो होतो! फरक कळत नाही?" त्यानंतर त्यांची चूक कधी झाली नाही.

पाटीचं ठरवायला तालमीच्या खोलीत सभा भरली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आधी मास्तर बोलतील, मग वहिनी." वहिनी सवयीने कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. मास्तरांनी शिंप्याचं दुकान, बाक, मशीनची खडखड, सगळं रंगवून सांगितलं. "आणि तेवढ्यात..." म्हणाले आणि गप्प झाले. ओठ हलले, पण आवाज फुटेना.

"मी म्हणालो, आपणच का करू नये," कोपऱ्यातून वहिनींनी वाक्य दिलं. मास्तरांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं, जसंच्या तसं.

"घ्या! खुद्द वहिनीच म्हणतायत, मग प्रश्नच मिटला," अध्यक्षबाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. टेबलावरची फुलं उचलून त्यांनी मास्तरांच्या हातात दिली. उठून 'अहो, चुकून बोलले' म्हणायला हवं होतं, पण वहिनींना उठवेना. अरेच्चा, एवढंच मनात आलं, दूध उतू गेल्यावर येतं तसं.

मास्तर त्यांना घरापर्यंत सोडायला आले. फाटकापाशी थांबून म्हणाले, "वहिनी, वाक्य का दिलंत?"

"तुम्ही अडलात म्हणून."

"अडलो नव्हतो हो. थांबलो होतो. त्याचं नाव घ्यायचं होतं मला. तोच म्हणाला होता."

तीन महिन्यांत पहिल्यांदा वहिनींच्या छातीत कळ उठली. "मग उद्या अध्यक्षबाईंना सांगा तसं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड उघडलं. हातातल्या फुलांकडे पाहिलं. पुन्हा ओठ हलले, पुन्हा आवाज नाही. या वेळी मात्र ते अडले होते. वहिनींना फरक बरोबर कळला. 'हो, सांगतो' हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते दिलं नाही, नुसती वाट पाहिली.

"येतो," मास्तर म्हणाले आणि फुलं सांभाळत निघून गेले.

वहिनी फाटकाला धरून उभ्या राहिल्या आणि मग कुणी बघतंय का हेही न बघता हमसाहमशी रडल्या.