होडी, पोती आणि मेहुणा

आमच्या कारखान्यात बुधवारी जेवणाच्या सुट्टीतली शेवटची वीस मिनिटं पुस्तकांची असतात. कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही पाचजण बसतो. सध्या काय वाचतोय, कितव्या पानावर आहोत, पुढे काय होईल असं वाटतंय, एवढं प्रत्येकाने सांगायचं. मी इथल्या तपासणी प्रयोगशाळेत लागून चारच महिने झालेत. माझे बाबा मात्र छताखालच्या रुळांवर धावणारी क्रेन सव्वीस वर्षं चालवतात, आणि ही बैठक त्यांनीच सुरू केलेली.

त्या बुधवारी बाबांकडे स्टोअरकीपरने वाचून दिलेली जाडजूड कादंबरी होती.

"एकशे बारावं पान," बाबा म्हणाले. "नदीला पूर आलाय आणि घोडीवर मोती लादून पाहुणा येतोय. काय लिहिलंय!"

स्टोअरकीपरला ठसका लागला. "कोण पाहुणा?"

"तोच की, मोतीवाला."

"अहो, मेहुणा! होडीत पोती भरून मेहुणा येतो. धान्याची पोती!"

सगळे पोट धरून हसले. "पुरात घोडी घातलीत? मुक्या जिवाची काही दया?" प्रथमोपचार खोलीतल्या सिस्टर म्हणाल्या. सिग्नलवाले काका, म्हणजे खाली उभं राहून हाताच्या खुणांनी बाबांना क्रेन कुठे न्यायची ते सांगणारे, त्यांनी टेबलावर थाप मारली. "तरीच! लेखक एक लिहितो, दादा भलतंच वाचतात."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," बाबाही हसत म्हणाले. "पण माझीच गोष्ट भारी आहे की नाही?"

मीही हसले. मग सवयीने वहीत दोन रकाने पाडले. होडी, घोडी. पोती, मोती. मेहुणा, पाहुणा.

कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं: मोजमापातल्या चुका विखुरतात, थोड्या इकडे, थोड्या तिकडे. सगळ्या एकाच बाजूला पडल्या तर उपकरण बिघडलंय असं समजा. इथे प्रत्येक शब्दाचं शेपूट बरोबर होतं आणि डोकं चुकीचं. नंबर वाढला असता तर अख्खा शब्द पुसट झाला असता. बाबांना शब्दाची डावी बाजू दिसतच नव्हती. शेपटावरून ते डोकं जुळवत होते, आणि आपण जुळवतोय हे त्यांनाही कळत नव्हतं.

शनिवारपासून घरात त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटत होता. "दार अरुंद झालंय," म्हणत होते. काल रात्री ताटात डावीकडे वाढलेलं सगळं तसंच राहिलं, आणि वर त्यांनी आईलाच विचारलं, "आज चटणी-कोशिंबीर वाढायला विसरलीस का?" तेव्हाही आम्ही हसलो होतो.

भोंगा वाजला. मान वर केली तर बाबांची खुर्ची रिकामी.

मी धावत सुटले. दुपारी पत्र्याच्या गुंडाळ्या उचलायच्या होत्या, एकेक आठ टनांची. माणसांची ये-जा असते ती वाट क्रेनच्या केबिनच्या डावीकडे. माझं चुकलं असेल तर? निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला चारचौघांत आंधळा ठरवायचं? आणि चुकलं नसेल तर?

बाबांचा एक पाय शिडीवर होता. त्यांच्या डावीकडे, हातभर अंतरावर, सिग्नलवाले काका हातमोजे चढवत होते. मी त्यांना ओठांवर बोट ठेवून खुणावलं. काहीतरी गंमत असेल असं वाटून ते हसले आणि गप्प राहिले.

"बाबा, माझ्याकडेच बघा, मान वळवू नका. काका कुठे आहेत?"

"आला नाही अजून. बसला असेल गप्पा हाणत."

काकांचं हसू मावळलं.

"नीट बघा ना."

"काय नीट बघू? तू आणि मी, तिसरं कोण आहे इथे? हो बाजूला, भोंगा झालाय."

काका हळूच म्हणाले, "दादा, मी इथंच आहे."

बाबा दचकले. त्यांना मान पार खांद्यापर्यंत वळवावी लागली, तेव्हा कुठे काका सापडले.

"कधी आलास?"

"तुमच्या आधीच."

बाबांनी शिडीवरचा पाय खाली घेतला. वर केबिनकडे पाहिलं, मग खालच्या वाटेकडे. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"सकाळी मी अकरा फेऱ्या केल्या," ते म्हणाले.

"मी खालीच होतो," काका म्हणाले.

बाबांनी केबिनची किल्ली काढून पुढे धरली. काकांनी ती घेऊन खिशात टाकली.

मला धावत जाताना पाहून सिस्टर मागोमाग आल्या होत्या. बाबांच्या डोळ्यांसमोर दोन्ही बाजूंनी बोटं नाचवून त्यांनी पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "डोळ्यांचं नाही हे. मेंदूचं असू शकतं. गाडी मागवते, एक मिनिट घालवायचं नाही."

फाटकाकडे जाताना मी बाबांच्या डाव्या बाजूने चालत होते, ते आपटू नयेत म्हणून. ते एकदम थांबले आणि उजवीकडे शोधू लागले.

"कुठे गेलीस गं?"

"इथंच आहे, बाबा." मी त्यांचा हात घट्ट धरला.

"मग बोलत राहा," ते हळूच म्हणाले. "काहीही बोल. मला भीती वाटतेय."

बाबांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. गाडी येईपर्यंत मी बोलत राहिले. काय बोलले, ते आता आठवत नाही.