हातातलं खाली

“अंगातून जाळ उठला का हातातलं पह्यले खाली ठेवजो, मंग तोंड उघडजो.”

देवकाबाईंच्या सासू, सुलोचनाबाई, असं सांगत तेव्हा त्यांची नजर सुनेच्या मनगटाकडे जाई. तिथे चुलीतल्या जळत्या पऱ्हाटीचा, कपाशीच्या काडीचा, डाग होता. सासूची पाळी जात होती त्या वर्षी त्यांनीच दिलेला.

सासू जाऊन बारा वर्षं झाली. आणि आज, पिपरी मेघेच्या घरी, स्वयंपाकघरात, देवकाबाईंच्या हातातलं तापलेलं उलथणं सून सुरभीच्या भुवईवर बसलं होतं.

वर्षभर त्यांची पाळी मागेपुढे होत होती. छातीतून वाफ चढे, पाठीला घामाची धार लागे आणि मागोमाग राग येई. राग उतरावा म्हणून त्यांनी सोमवारच्या जोडीला मंगळवारचा उपास धरला, तोही निर्जळी. जाळ वाढला. देवीच्या सेवेत खोट राहिली असं समजून शुक्रवारही धरला. आजही मंगळवारच होता. सुरभी हसून म्हणाली, “आई, तव्याहून तुम्हीच तापून राह्यल्या. भाकर तुमच्यावरच टाकू का?”

परातीतल्या पिठात रक्त ठिबकलं.

आवाजानं मुलगा निकेश धावत आला. बायकोचं तोंड पाहिलं आणि आईचा अंबाडा धरून तिला भिंतीवर आपटलं. डबे कोसळले. “पोटुशी हाय ते. मारून टाकतं का तिले?” त्याने दोनदा मारलं. देवकाबाईंच्या ओठातून रक्त आलं. तिसऱ्या वेळी त्याने बसायचा पाट उचलला, तेव्हा सुरभीने त्याचं मनगट धरलं.

“सोडा त्याईले. हा हात कोणावर गेला ते पाहा जरा.”

पाट खाली पडला. निकेशने आईच्या रक्ताळलेल्या ओठाकडे पाहिलं, मग बाहेर निघून गेला.

दवाखान्यातून पाच टाके घालून आल्यावर सुरभीने पिशवी भरायला घेतली. “मी रोहण्याले जातो, माहेरी. लेकरू या घरात नाई होऊ देत मी.”

“नको जाऊ वो बाई.”

“मंग ऐका. डॉक्टरीणबाईले तुमच्या जाळाचं विचारलं मी. बिनपाण्याच्या उपासानं हे अजून भडकते म्हणे. धने भिजवून देत जाईन, ते प्या. जवसाची चटणी खा. सकाळी चाला. कोणाकोणाले बरं वाटते यानं. नाई वाटलं तर माह्या संगं दवाखान्यात या, लाजू नका.”

“अन् देवी?”

“देवीले तुमची तहान काऊन पाह्यजे? अन् जाळ उठला का हातातलं ठेवून घराबाहेर पडा. कबूल करा, तरच राह्यतो.”

देवकाबाईंनी हात पदराला पुसला, पुन्हा पुसला आणि सुनेच्या पोटावर ठेवला.

पुढच्या मंगळवारी धन्याचं पाणी त्यांनी आधी देवीपुढे ठेवलं. “माय, तुले दाखवलं. आता पितो,” म्हणाल्या आणि वाटी रिकामी केली.

दुपारी खलबत्त्यात भाजलेलं जवस कुटत होत्या. सुरभीच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. पांढरा ओघळ त्यांच्या पायाशी आला आणि त्याच क्षणी छातीतून जाळ उठला. बत्त्यावरची मूठ आवळली. मनगटावरचा डाग ताणला गेला.

सुरभी भिंतीला टेकली. दोन्ही हात पोटावर.

देवकाबाईंनी बत्ता खाली ठेवला. वाजणार नाही इतका हळू. ओटा धरून उठल्या आणि चपला घातल्या.

“उन्हाचं कुठं वो देवकाबाई?” शेजारच्या पंचफुलाने फाटकातून विचारलं.

“इथंच. लिंबाच्या झाडापर्यंत. येतो.”

डोक्यावर पदर घेऊन त्या चालू लागल्या. वळणाशी पोहोचल्या तेव्हा मागे, घरात, खलबत्त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.