आप्पांनी बसवलेले हिरवे नळ

चारशे सत्तर टन चुनखडीचे मुठीएवढे दगड, त्यांच्यावर जाड प्लास्टिकचे एक अखंड आवरण, आवरणावर मीटरभर ठोकून बसवलेली चिकणमाती आणि सगळ्यांत वर गवत. मित्रांनो, एवढ्या सामानातून घडलेला मी एक जुना चर आहे. सत्तर मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि डोक्यापासून पायापर्यंत बंद.

माझ्या वरच्या अंगाला एक बंद पडलेली खाण आहे. माणसे निघून गेली, पण खाणीतून पाणी वाहत राहिले. दिसायला नितळ, गुणाने आंबट. त्याचा सामू साडेतीन होता. साध्या पाण्याचा सामू सात असतो. आकडा जितका खाली, तितके पाणी जहाल. शिवाय त्यात लोखंड विरघळलेले होते. खालच्या ओढ्यातले मासे कधीच संपले होते आणि काठच्या दगडांवर गंजाचा नारिंगी थर चढला होता.

हे पाणी माझ्या दगडांतून नेऊन सुधारायचे, असा माझा आराखडा एका तरुण मुलीने काढला. तिचे वडील, सगळ्यांचे आप्पा, याच खाणीत तीस वर्षे आत हवा पोचवणारे पंखे सांभाळून निवृत्त झाले होते. बंद खाणीची देखभाल पाहणाऱ्या साहेबांना मात्र पाण्यात औषध ओतणारे यंत्र हवे होते.

"मॅडम, आम्ही काय दगडांच्या भरवशावर बसायचं?" त्यांनी विचारले.

"यंत्राला वीज लागते, माणूस लागतो," ती म्हणाली. "याला फक्त उतार लागतो. तो तर इथं आहेच."

साहेबांनी अट घातली. माझ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू सहाच्या खाली गेला, तर मला बुजवायचे आणि यंत्र आणायचे.

मित्रांनो, सांगताना आजही अभिमान वाटतो. पाणी माझ्या पोटात पंधरा तास मुक्काम करी. माझे दगड थोडे थोडे विरघळत आणि त्याचा आंबटपणा मारत. बाहेर पडताना सामू सहाच्या वर असे. पुढे माझ्या तोंडाशी खणलेल्या तळ्यात लोखंडाला हवा लागे, त्याचा गंज होऊन तो तळाशी बसे आणि उरलेसुरले पाणकणसांच्या दाटीत अडके. ओढ्यात पुन्हा बोटभर मासे दिसू लागले. विद्यार्थी मला पाहायला येत.

"एवढ्या लांब आलो ते गवत बघायला होय?" एक मुलगा कुरकुरला. पण दोन्ही टोकांच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून रंग पाहिल्यावर त्याने कोणी न सांगता पुन्हा दोन पट्ट्या मागून घेतल्या.

निवृत्त आप्पा माझ्यावरचे गवत कापायला येऊ लागले. लेकीच्या कामाचे त्यांना भारी कौतुक. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनाला खात होती. "सगळं केलंस पोरी, पण श्वासाला भोक ठेवलं नाहीस," असे ते गवताशीच पुटपुटत.

लेक दुसऱ्या खाणीच्या कामावर गेली. तेव्हा आप्पांनी माती खणून, आवरण कापून माझ्यात तीन नळ बसवले. कचरा पडू नये म्हणून वर जाळीच्या टोप्या घातल्या आणि गवतात शोभावेत म्हणून त्यांना हिरवा रंग दिला. काम अगदी सुबक होते.

मी मात्र घुसमटू लागलो. वर्षभरात सामू पाच पूर्णांक एक दशांशावर आला. साहेबांनी लेकीला कळवले, "पुढच्या महिन्यात शेवटची तपासणी. सहा नसेल, तर चर बुजवायला गाडीभर मातीच आणू."

ती आली आणि नळ पाहून जागीच थांबली. नळांखालची माती काढली. माझे पांढरे दगड तपकिरी झाले होते. तिने एक दगड चाकूने खरवडला. आत तो पांढराच होता.

"आप्पा, हे तुम्ही केलंत?"

"हो. कोंडलं होतं बिचारं."

"यात मुद्दामच हवा ठेवली नव्हती. हवा लागली की लोखंड गंजतं आणि दगडांना चिकटून बसतं. मग पाणी दगडाला शिवतच नाही."

आप्पांनी दगड हातात घेऊन फिरवून पाहिला. "मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

"मीही सांगायला हवं होतं."

"खाणीत कुणी विचारून हवा देत नाही गं. आधी देतात."

ती हसली. "मग आता विचारून बंद करा."

आप्पांनी स्वतःच्या हातांनी नळ उपसले. गंजलेले दगड काढून नवे भरले, आवरणाला जोड दिला, माती अशी ठोकली की लेकीला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. मित्रांनो, माया असली तरी ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय हवे आणि काय नको हे आधी समजून घ्या. मला तुमच्याकडून एवढेच हवे. माझे गवत जरूर कापा, पण माझे झाकण उघडू नका.

तपासणीच्या दिवशी साहेब घड्याळ पाहत उभे होते. आप्पांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बाटली धरली, लेकीने त्यात मापकाची कांडी बुडवली. आकडा थोडा वरखाली झाला आणि स्थिरावला.

सामू सहा पूर्णांक चार दशांश.