शिट्टीवरचं मत

"मामा, तुमीच दाबा की. मला कळायला नको, कुणाला देताय ते," रुकसाना म्हणाली.

दगडोबांनी फोन तिच्याच हातात कोंबला. "माझं बोट थरथरतंय. भलतीकडंच पडलं म्हंजी? शिट्टीवर दाब. अण्णारावाला."

बेंबळीजवळच्या त्या वाडीत दूध संस्थेची निवडणूक यंदा पहिल्यांदाच मोबाइलवर होत होती. घरबसल्या मत द्या, कुणाला काही कळणार नाही, असं अध्यक्ष रणधीरने सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याची निशाणी बादली, त्याच्याविरुद्ध उभ्या अण्णारावाची शिट्टी. रुकसाना संस्थेची सभासदही होती आणि तिथंच दूध तपासायची. ज्यांना मोबाइलमधलं वाचता येत नव्हतं, ती सगळी माणसं त्या दिवशी तिच्याकडेच आली होती. दगडोबांचं रान तिच्या वडिलांच्या रानाला लागून. तिला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं; लग्नही तिचं वाडीतच झालेलं.

तिने मेसेजमधला ओटीपी टाकला, शिट्टीवर बोट टेकवलं.

"कुणाला कळत न्हाय न्हवं ह्ये?"

"न्हाय मामा. तुमाला, मला अन् अल्लाला."

दगडोबा हसले आणि निवांत घरी गेले.

बादली निवडून आली. त्याच आठवड्यात एका सकाळी रणधीर संस्थेच्या दूध केंद्रावर येऊन उभा राहिला. दगडोबांची पाळी आली, तसा त्याने त्यांच्या कॅनवर हात ठेवला.

"तुमचं दूध आजपासनं न्हाय."

"का बरं? पानी हाय का त्यात?"

"पानी कशाला असंल? शिट्टी वाजवलीत न्हवं, मंग अण्णारावाच्या दारात नेऊन घाला."

दगडोबांनी रणधीरकडे पाहिलंच नाही. ते रुकसानाकडे बघत राहिले. मग कॅन उचलून चालू लागले.

गर्दी सरल्यावर रुकसाना आतल्या खोलीत गेली. "रणधीरभाऊ, म्या कुणापाशी बोलले न्हाय. तेवढं मामास्नी सांगा."

रणधीरने आपला फोन तिच्यापुढे धरला. सभासदाचं नाव, मोबाइल नंबर आणि पुढे निशाणी. सगळ्या वाडीचं.

"ज्या कंपनीला ठेका दिला, तिथल्याच मानसानं धाडलंय. तुमच्या नावापुढं काय हाय बघा, भाभी."

तिच्या नावापुढे शिट्टी होती.

"तरी कामावर ठेवलंय न्हवं तुमाला? मंग गप ऱ्हावा."

दुपारी ती दगडोबांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, विठाबाईंनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. तिने सगळं सांगितलं. दगडोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मोबाइलला काय तोंड असतं?" ते म्हणाले. "म्या तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला न्हाय."

"मामा, माझं बी मत कळलंय त्यास्नी. म्या बी शिट्टीलाच दिलं हुतं."

"मंग तुझं काम कसं काय ऱ्हायलं?"

रुकसाना उठून घरी आली.

निवडणूक अधिकाऱ्याला तिने फोन केला, तर तो म्हणाला, पुरावा घेऊन या. पुरावा रणधीरच्या खिशात होता.

दगडोबा दूध बेंबळीला नेऊन घालू लागले. केंद्रावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात.

उन्हाळ्यात संस्थेची मोकळी जागा विकायचा ठराव निघाला. मतदान पुन्हा मोबाइलवरच. गुरुसिद्धप्पाची म्हातारी आई फोन घेऊन रुकसानापुढे आली.

"भाभी, नंबर आलाय बग. इकायची न्हाय म्हनून दाब."

"मावशी, म्या हात लावनार न्हाय. घरी कुणाकडनं तरी दाबून घ्या."

"घरी कोन हाय? पोरगं पुण्याला."

म्हातारी जरा वेळ तिथंच घुटमळली. मग चपला काढून आतल्या खोलीच्या दारात गेली.

"या मावशी," आतून रणधीरचा आवाज आला. "बसा. आना फोन हिकडं."

रुकसानाने रांगेतला पुढचा कॅन ओढला आणि झाकण उघडलं.